टपकून राहिला

दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि वर त्याचाच पगार घ्यायचा, हे सासूलाही जमत नाही. मी ते तीस वर्षं केलं. आमच्या धंद्यात त्याला टेस्टिंग म्हणतात. सॉफ्टवेअर लिहिणारा वेगळा आणि ते तपासणारा वेगळा. लिहिणारा म्हणतो, झालं. तपासणारा म्हणतो, बघू. लिहिणाऱ्याने वयाच्या रकान्यात पस्तीस टाकून पाहिलेलं असतं, आम्ही उणे पस्तीस टाकतो, तीनशे टाकतो, वयाच्या जागी ‘माहीत नाही’ असं लिहितो, आणि यंत्र रडायला लागलं की आमच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे की ते समाधान घरी भाजीत मीठ कमी निघाल्यावरही दिसतं.

शेवटी सगळं तपासून झालं की एका कागदावर ‘पास’ लिहून सही करायची. ती सही झाल्याशिवाय सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जात नाही. पुढे काही बिघडलं तर लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही. पास कोणी केलं, एवढंच विचारतात.

या क्षेत्रात माणूस पस्तिशीत ज्येष्ठ होतो, चाळिशीत म्हातारा होतो आणि पंचेचाळिशीनंतर लोक त्याला ‘अजून आहात का?’ असं विचारायला लागतात. दर चार-सहा वर्षांनी आमच्या नोकऱ्या कोणीतरी खाणार असतं. एकदा सांगितलं, तपासणी आता आपोआप होणार. मग सांगितलं, सगळं काम ढगात जाणार. मी खिडकीतून वर पाहिलं, नागपुरातला मे महिना होता, ढग औषधालाही नव्हता. मी परत कामाला लागले. या सगळ्या भीतींतून मी सुखरूप निवृत्त झाले आहे, पण शेवटच्या भीतीची हकिगत सांगायलाच हवी, कारण तिच्यावर माझी सही होती.

त्याआधी यंत्रं शब्द कसे ऐकतात त्याचा एक मासला सांगते. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यासाठी आमच्याकडे एक प्रोग्राम झाला होता. डॉक्टरांनी बोलायचं आणि संगणकाने लिहायचं. डॉक्टर ‘पाच गोळ्या’ म्हणाले तर कागदावर ‘५ गोळ्या’ यावं म्हणून लिहिणाऱ्याने एक चलाखी केली. आकड्याचा शब्द दिसला की त्याचा अंक करायचा. शब्द कुठेही असो. झालं! बारापात्रे आडनावाची मंडळी ‘१२पात्रे’ झाली, सातपुते ‘७पुते’ झाले, साठवणे बाई ‘६०वणे’ झाल्या आणि एकनाथराव ‘१नाथराव’ झाले. गंमत म्हणजे हे कितीतरी दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही. नर्स यादी मोठ्याने वाचायची, ‘१२पात्रे’ वाचलं तरी तोंडून बारापात्रेच निघायचं. बोंब मारली ती अंबादे नावाच्या एका गृहस्थांनी. ‘माहं नाव अ पासून सुरू होते, तरी दर वेळी हे बारापात्रे माह्या समोर काहून?’ संगणक यादी लावताना अंक आधी घेतो आणि अक्षरं नंतर, एवढीच त्याची गोम होती. मी ती खोट दुरुस्त करून घेतली. अंबादे खूश झाले आणि तमाम बारापात्रे मंडळी नाराज झाली.

आता माझ्या जिभेबद्दल. मी मूळची रामटेकची. घरी आम्ही सगळे ‘मले’, ‘तुले’ करत वाढलो. पहिली नोकरी पुण्यात लागली. पहिल्याच बैठकीत साहेबांनी विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, ‘सर, मी प्रोग्राम तपासून राहिली.’ सगळे हसले. एकाने विचारलं, ‘तपासून कुठे राहिलीस? लॉजवर?’

मीही हसले, कारण दुसरं काय करणार? पण त्या दिवशी मला फार लागलं. मी जीभ घासायला घेतली. वर्षभरात ‘करून राहिली’चं ‘करते आहे’ झालं, ‘काहून’चं ‘का बरं’ झालं. इतकी घासली की पुढे नागपूरच्या शाखेत बदली होऊन आले तेव्हा भाजीवाली मला विचारायची, ‘बाई, तुम्ही तिकडल्या का?’ आणि मला आनंद व्हायचा. हा आनंद मी पुढे इतरांनाही वाटला. फोनवर बोलणाऱ्या आमच्या लोकांसाठी दर शनिवारी शुद्ध मराठीचा वर्ग घ्यायला लागले. भिंतीवर माझ्या हस्ताक्षरात पाटी होती: ‘करून राहिलो नाही, करतो आहे.’

त्या वर्गातले माझे सर्वांत नाठाळ विद्यार्थी म्हणजे प्रभाकर भोयर. पारशिवनीजवळच्या खेड्यातले, वय पन्नास. उन्हाळ्याचे कूलर बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारी फोनवर घ्यायचं काम आमच्याकडे होतं आणि अकरा जणांच्या त्या विभागाचे भोयरजी प्रमुख होते. ते तक्रार नीट ऐकूनच घ्यायचे नाहीत. म्हणायचे, ‘फोन कूलरजवळ न्या.’ मग आवाज ऐकून सांगायचे, ‘पंप बरोबर आहे. खसच्या ताटीत कचरा अटकला, झटकून काढा.’ आणि तसंच निघायचं. मी त्यांना सांगायचे, ‘भोयरजी, अटकला नाही, अडकला.’ ते म्हणायचे, ‘मॅडम, कचऱ्याले काय फरक पडते?’

अशात पुण्याच्या मुख्य कचेरीतून शीतल आली. शीतल म्हणजे बाई नव्हे, यंत्र. फोन उचलायचं, गोड आवाजात नमस्कार करायचं, तक्रार ऐकायची, समजून घ्यायची आणि मेकॅनिक पाठवायचा. हे सगळं माणसाशिवाय. राज्यातल्या उन्हाळ्यासाठी ती मराठीत तयार केली होती आणि विदर्भापुरती तिची परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

मी तीनशे वाक्यं लिहिली. आज ती वाचली की हसावं की रडावं कळत नाही. ‘माझ्या कूलरमधून पाण्याची गळती होत आहे.’ ‘पंख्याच्या फिरण्यात व्यत्यय येत आहे.’ मे अखेरच्या नवतपात घामाने निथळणारा माणूस असं बोलतो का कधी? भोयरजी तेव्हाच म्हणाले होते, ‘मॅडम, दोन-चार वाक्यं आपल्या बोलीतली टाका न.’ मी म्हटलं, ‘भोयरजी, निदान यंत्रासमोर तरी शुद्ध बोला.’ शीतलने तीनशेपैकी तीनशे वाक्यं ओळखली. मी ‘पास’ लिहिलं आणि झोकदार सही केली.

एप्रिलमध्ये शीतल कामाला लागली आणि चमत्कार झाला. नागपूर, रामटेक, पारशिवनी, सगळीकडच्या तक्रारी फोनवरच मिटायला लागल्या. मेकॅनिक पाठवायची गरजच पडेना. बाकी राज्यात लोक शीतलवर वैतागत होते, इकडे मात्र आकडे असे की पुण्याचे लोक चक्रावले. आमच्या शाखेला कंपनीचं बक्षीस जाहीर झालं. त्याच आठवड्यात तक्रार विभागाच्या अकराही जणांना पत्रं मिळाली. शीतल इतकं चांगलं काम करत असल्याने महिनाअखेरीनंतर त्यांची आवश्यकता नाही, असं त्यात लिहिलं होतं.

आमच्या प्रशासनाच्या लोकांनी दोन्ही समारंभांचा एकच केक मागवला. त्यावर लिहिलं होतं, ‘अभिनंदन व निरोप’. भोयरजींनी तो कापला. ‘अभिनंदन’चा तुकडा मला दिला आणि ‘निरोप’ स्वतः घेतला. म्हणाले, ‘पन्नाशीच्या माणसाले आता कोण घेते, मॅडम? मले कूलरचा आवाज समजते, पण थे अर्जात लिहाचं कसं?’ मी म्हटलं, ‘तुमच्यासारख्या माणसाला काम मिळेलच.’ अशी वाक्यं माणूस स्वतःच्या सोयीसाठी बोलतो.

पत्रं मिळाल्यानंतर चार दिवसांनी आमच्या इमारतीच्या दारात एक टेम्पो उभा राहिला. त्यात एक कूलर आणि कूलरला टेकून बसलेले एक सत्तरीचे गृहस्थ. रामटेकचे निवृत्त शिक्षक, मोतीरामजी हटवार. त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, ‘शीतलबाई कोणत्या मजल्यावर बसतात? मले त्यायले भेटाचं आहे.’

पहारेकरी नवा होता. शीतल कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. कार्यालयातली वयाने मोठी बाई मीच, म्हणून त्याने त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं. मोतीरामजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘आवाजावरून पोट्टी वाटली होती,’ ते म्हणाले. ‘तुम्ही त आजीबाई निघाल्या.’

मी म्हटलं, ‘मी शीतल नाही. पण काय झालं ते सांगा.’

‘बाई, मी मास्तर माणूस आहे. उद्धट पोट्टे पाहिले, पण असं पाहिलं नाही. मी तिले फोनवर म्हटलं, कूलरचा शॉक लागून राहिला. थे म्हणते, हे ऐकून आनंद झाला! मी म्हटलं, अवं, तुले आनंद काहून होऊन राहिला? त म्हणते, आपली तक्रार बंद करत आहोत, धन्यवाद. मी नऊ वेळा फोन केला. नऊ वेळा आनंद झाला तिले! माह्या घरच्यायले झटका बसला, हात सुजला. म्हणून म्हटलं, कूलरच घेऊन जातो अन् तिच्या हातात देतो. मंग पाहू आनंद होते का.’

मी भोयरजींना बोलावलं आणि आम्ही शीतलचे फोन ऐकायला बसलो. प्रत्येक फोनचं ध्वनिमुद्रण होतं. आधी ते कोणी ऐकलंच नव्हतं, कारण यशाची तपासणी कोण करतो?

पहिला फोन पारशिवनीच्या एका बाईंचा. ‘अवं बाई, कूलर टपकून राहिला न!’ शीतल म्हणाली, ‘आपला कूलर टपकायचा राहिला, हे ऐकून आनंद झाला.’ दुसरा फोन. ‘पंपातून पाणी चढून नाही राहिलं.’ शीतल म्हणाली, ‘पाणी चढणं थांबलेलं नाही, हे ऐकून आनंद झाला.’ तिसऱ्या फोनवर एक गृहस्थ भडकलेले. ‘मी मघापासून तुले सांगून राहिलो, तुले समजून नाही राहिलं का?’ शीतलने त्यांनाही धन्यवाद दिले.

भोयरजी माझ्याकडे पाहत होते. मी भिंतीवरच्या माझ्या पाटीकडे पाहत होते.

वाचकांपैकी जे तिकडचे आहेत त्यांच्यासाठी सांगते. पुण्याकडे ‘डोकं दुखायचं राहिलं’ म्हणजे दुखणं थांबलं. आमच्याकडे ‘डोकं दुखून राहिलं’ म्हणजे या क्षणाला ठणकतंय. शीतलला शिकवणाऱ्यांनी तिच्या कानात तिकडचंच घातलं होतं. राहिला म्हणजे थांबला, हे तिचं पक्कं. त्यामुळे नागपूरचा माणूस ‘होऊन राहिलं’ म्हणो की ‘होऊन नाही राहिलं’ म्हणो, शीतलच्या दृष्टीने तो सुखीच. अख्खा विदर्भ घामाने निथळत तिला शिव्या देत होता आणि ती त्याला समाधानी ग्राहकांच्या यादीत टाकत होती.

आणि हे पकडायला जिला बसवलं होतं ती बाई रामटेकची. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे. पुण्याच्या कोणी तपासलं असतं तर त्याला माफ करता आलं असतं. मला हा शब्द माहीत होता. मी तो स्वतःच्या तोंडातून घासून काढला आणि मग यंत्राच्या परीक्षेतूनही काढला.

आधी शॉकच्या तक्रारी पाहायच्या होत्या. भोयरजींनी आपल्या माणसांना बोलावलं आणि ‘शॉक’ शब्द आलेला एकेक फोन काढून उलटे फोन लावायला बसवलं. ज्यांना कामावरून जायची पत्रं मिळाली होती तेच अकरा जण संध्याकाळपर्यंत लोकांना सांगत होते, ‘आधी बटन बंद करा, प्लग काढा, कूलरले हात नोका लावू, माणूस येऊन राहिला.’ मोतीरामजींचा कूलर भोयरजींनी पार्किंगमध्येच उघडला. पंपाची वायर सोलली होती आणि पत्र्याला टेकत होती. सुदैवाने कोणाचा जीव गेला नव्हता. गेला असता तर हा लेख मी लिहूच शकले नसते.

काम आटोपल्यावर भोयरजी माझ्या टेबलापाशी आले. ‘मॅडम, हे तुम्ही पुण्याले सांगान न?’

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, ‘विचार करते.’ माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. तीस वर्षांत माझी एक सही खोटी ठरली नव्हती, आणि आता ठरणार ती अशा शब्दावर, ज्यावर मी शनिवारी वर्ग घेत होते.

भोयरजी समजले. ते चिडले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, ‘विचार करा. आमच्यापाशी महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला फोन केला. तिकडचे प्रमुख अनिरुद्ध, वय छत्तीस, अतिशय सज्जन, आणि मराठीत बोलताना सारखं ‘ॲक्च्युअली’ म्हणणारे. त्यांनी पडद्यावर बैठक घेतली. इकडे मी आणि भोयरजी, तिकडे ते एकटे. बैठकीत कोण काय बोललं ते लिहून घ्यायला शीतलच होती. आपण बोललो की तिने लिहिलेलं वाक्य लगेच पडद्याच्या खालच्या पट्टीत उमटायचं.

मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, ‘हे यंत्र मी पास केलं. चूक माझी आहे.’ पट्टीत अक्षर न् अक्षर बरोबर उमटलं: चूक माझी आहे. हे एक वाक्य मात्र शीतलला अचूक समजलं.

अनिरुद्ध अस्वस्थ झाले. ‘ॲक्च्युअली बक्षीस जाहीर झालंय. आता मागे कसं घेणार? आपण असं करू, ग्राहकांनाच थोडं शिकवू या. प्रत्येक कूलरबरोबर एक छापील सूचना देऊ. यंत्राशी बोलताना कृपया राहिला, राहिली, राहिलं हे शब्द वापरू नयेत.’

भोयरजी इतका वेळ हाताची घडी घालून बसले होते. ते म्हणाले, ‘साहेब, नागपूरच्या माणसाच्या तोंडातून राहिला काढला त त्याच्यापाशी फक्त काहून उरते.’

‘हो, पण भाषा थोडी प्रमाण असली तर—’

‘साहेब, मी मघापासून तुमाले सांगून राहिलो!’

पट्टीत उमटलं: भोयर यांनी सांगणे थांबवले.

‘पण तुम्ही ऐकून नाही राहिले!’

पट्टीत आलं: साहेबांनी ऐकणे थांबवलेले नाही.

‘लोकायले शॉक लागून राहिला! मास्तरच्या बायकोचा हात सुजला!’

लोकांना शॉक लागणे थांबले. मास्तरांच्या पत्नीचा हात सुजला.

‘अन् हे भैताड यंत्र काय लिहून राहिलं पाहा! मी इथं ओरडून राहिलो!’

भोयर यांनी ओरडणे थांबवले, असं शीतलने शांतपणे लिहिलं. तेव्हा भोयरजींच्या आवाजाने आमच्या टेबलावरचा स्पीकर फाटायच्या बेतात होता आणि शेजारच्या खोलीतले चार जण काचेतून पाहत होते.

अनिरुद्धनी पट्टी वाचली. भोयरजींकडे पाहिलं. पुन्हा पट्टी वाचली.

‘यांनी ओरडणं थांबवलेलं नाहीये,’ ते हळूच म्हणाले.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘आणि मी ऐकत...’

‘नव्हता.’

अनिरुद्ध हसले. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भोयरजी मात्र हसले नाहीत. हसू ओसरल्यावर अनिरुद्धनी विचारलं, ‘भोयर, तुम्ही शिकवाल का हिला?’

अकराही पत्रं थांबली. मागे घेतली नव्हती, थांबवली होती. अट अशी की शीतल नागपुरी शिकेपर्यंत सगळे कामावर, ती शिकली की मी पुन्हा परीक्षा घ्यायची, आणि पास झाली की विभागात तिघं राहणार, आठ जणांनी जायचं. आठांत पहिलं नाव भोयरजींचं, कारण पगार सगळ्यात जास्त त्यांचा. म्हणजे गुरुजींची नोकरी विद्यार्थिनी नापास होत राहील तोवर. असा वर्ग मी जन्मात पाहिला नव्हता.

मला वाटलं, ते तिला सावकाश शिकवतील. निदान मी त्यांच्या जागी असते तर शिकवलं असतं. पण त्या माणसाला काम वाईट करता येत नव्हतं. पारशिवनीच्या बाजाराच्या दिवशी जाऊन भाजीवाल्या बायांचं बोलणं त्यांना विचारून टिपून आणलं. म्हाताऱ्यांचं वेगळं, पोट्ट्यांचं वेगळं. शीतल चुकली की तिला म्हणायचे, ‘अवं, पुन्हा ऐक.’ मीही मदतीला बसले. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या वस्तूसारखी आपलीच बोली आमच्यासमोर होती. ते मला म्हणाले, ‘मॅडम, एक वाक्य तुम्ही बोला. बाईमाणसाचा आवाज पाहिजे.’ मी माइकसमोर बसले. ‘मी... कूलर... पाहून राहिली,’ असं म्हटलं. शीतलने विचारलं, ‘आपण परप्रांतीय आहात का?’

भोयरजी त्या दिवशी पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. ज्या बोलीत आईशी भांडले, ती मला पाहुणीसारखी बोलता येत होती.

पावसाळा संपता संपता दुसरी परीक्षा झाली. या वेळी मी एकही वाक्य लिहिलं नाही. फोन घेऊन सीताबर्डीच्या बाजारात गेले, रामटेकला मोतीरामजींच्या ओसरीवर बसले, दिसेल त्याला म्हटलं, हिच्याशी बोला, वाट्टेल ते बोला. मोतीरामजींनी तर आधी तिची खरडपट्टी काढली. शीतलने एकेकाला बरोबर ओळखलं. शॉकचा शब्द ऐकताच म्हणायची, ‘आधी प्लग काढा जी, मंग बोलू.’ तो सगळा लहेजा भोयरजींचा होता.

कागद माझ्यासमोर आला. पेन घेऊन मी बसून राहिले. खोट काढायची ठरवली तर कुठल्याही यंत्रात निघते. दोन वाक्यं अवघड घातली असती तर आणखी सहा महिने निघाले असते. मी तसं भोयरजींना म्हटलंही.

ते म्हणाले, ‘सही करा मॅडम.’

‘तुमची नोकरी जाईल.’

‘माहीत आहे. पण तिले नापास केलं त पुण्याचे लोक म्हणतीन, भोयरले शिकवता नाही आलं. अन् मंग तेच लोक जुनीच शीतल लावतीन, अन् पुन्हा कोणाच्या घरी शॉक लागला त तिले आनंद होईन. नोकरी गेली त गेली. हे नाही चालणार.’

मी सही केली. बरोबर केली हे मला माहीत आहे, आणि तरी त्या दिवसाचं वाईट वाटायचं संपत नाही. पहिली सही चुकीची होती, ती मी अभिमानाने केली. दुसरी खरी होती, तिला झोक आला नाही. आठ जण गेले. दोघांना इतर कंपन्यांनी घेतलं, भोयरजी सोडले तर बाकीच्यांचं मला नीट माहीत नाही, आणि ते मी आवर्जून विचारतही नाही, हेही खरं. सहा महिन्यांनी मी निवृत्त झाले.

भोयरजी पारशिवनीला परत गेले आणि कूलर दुरुस्त करायला लागले. त्यांच्या भागातल्या तक्रारी आता शीतलच त्यांच्याकडे धाडते. त्यांनी शिकवलेल्या बोलीत ती त्यांना कामाला पाठवते, हे मी कोणाला सांगितलं तर लोकांना मी फोकनाड मारते असं वाटतं.

परवा त्यांचा फोन आला. ‘ऐका मॅडम, रामटेकले एका घरी जाचं होतं. शीतलचा फोन आला, भाऊ, कुठवर आले? मी म्हटलं, येऊन राहिलो. त मले म्हणते, म्हणजे अजून घरीच आहात न?’

‘हे तिला कोणी शिकवलं?’

‘मीच. अन् कोण शिकवणार? तुम्ही पास केलं न थे.’

आम्ही दोघंही हसलो. मग मी इतके दिवस जे विचारायचं टाळत होते ते विचारलं. ‘भोयरजी, माझ्यावर राग आहे का? त्या पहिल्या सहीचा?’

मागे कुठल्यातरी पंपाचा आवाज येत होता.

‘राग त होता,’ ते म्हणाले. ‘आता कमी होऊन राहिला.’

पुण्यातल्या माणसाने हे ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, राग कमी व्हायचा थांबला. मला त्याचा अर्थ बरोबर समजला.